उंच केलेल्या गाडीचा टेकू

"शॉकअप बदलून गाडी उंच करून घेतली. आता साइड स्टँडला लावली की इतकी झुकते, की सोडून जायची भीती वाटते. असं का होतं?"

घाटवाटांवर, नदीच्या पात्रातून, गोट्यांच्या रस्त्यावरून मोटरसायकल नेणारे तरुण हा प्रश्न हमखास विचारतात. गाडीचे पोट दगडाला घासू नये म्हणून ते पुढचे फोर्क, मागचा शॉकअप, कधी टायरसुद्धा बदलतात. गाडी दोन, चार, पाच सेंटीमीटर उंच होते. साइड स्टँड मात्र कंपनीने दिला तेवढाच राहतो, कारण तो चालत्या गाडीचा भाग आहे असे कुणाला वाटतच नाही.

मलाही वाटले नव्हते. गाडी उंच केल्यावर स्टँडचे काम मी "पुढच्या आठवड्यात" म्हणून ढकलले. जुलैच्या एका सकाळी आंबोलीजवळ, जांभ्याच्या ओल्या मातीत गाडी उभी करून चहा घ्यायला गेलो. स्टँड हळूहळू रुतला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. क्लचची मूठ मोडली, एवढ्यावर निभावले. पण दीडशे किलोचे ते धूड पडले त्या जागी थोड्या वेळापूर्वी मी स्वतः उभा होतो. त्या दिवसापासून स्टँडचा हिशेब मी आधी मांडतो आणि गाडी नंतर उंच करतो. तोच हिशेब या प्रकरणात पायरीपायरीने पाहू.

१. टेकू करतो काय?

घडाने वाकलेल्या केळीला आपण बांबूचा टेकू देतो. टेकू केळीचे सगळे वजन पेलत नाही. बहुतेक वजन बुंध्यावरच असते. जेवढे एका बाजूला कलंडू पाहते तेवढेच टेकूवर येते. साइड स्टँडचे कामही हेच. गाडीचे बरेचसे वजन दोन टायरांवर राहते, उरलेले स्टँडवर.

गाडी स्टँडवर उभी असताना जमिनीला तीन ठिकाणी टेकते: पुढचा टायर, मागचा टायर आणि स्टँडचा पाया. या तीन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा मनात ओढा. एक लांबट त्रिकोण तयार होईल.

आता गवंड्याचा ओळंबा आठवा. गाडीत एक बिंदू असा असतो, की सगळे वजन जणू तिथेच एकवटले आहे असे धरून चालता येते. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. मोटरसायकलमध्ये तो साधारण इंजिनाच्या वरच्या भागात, टाकीच्या खाली कुठेतरी असतो. त्या बिंदूतून ओळंबा सोडला आणि तो त्रिकोणाच्या आत पडला, तर गाडी उभी राहते. त्रिकोणाबाहेर पडला तर गाडी पडते. स्टँडचे सगळे शास्त्र या एका ओळंब्यात आहे.

ओळंबा त्रिकोणाच्या आत असणे पुरेसे नाही, तो दोन्ही कडांपासून बेताच्या अंतरावर हवा. डाव्या कडेशी गेला तर गाडी स्टँडवरून पलीकडे कलंडेल. उजव्या कडेशी, म्हणजे टायरांच्या रेषेशी गेला, तर वाऱ्याच्या झोताने किंवा कुणाचा धक्का लागून उजवीकडे पडेल.

२. उंची वाढली की कल का वाढतो?

गाडी हाताने अगदी सरळ उभी धरा आणि स्टँड पूर्ण खाली करा. स्टँडचा पाया जमिनीला टेकणार नाही, थोडा वर तरंगत राहील. जमीन आणि पाया यांच्यामधल्या या अंतराला आपण फट म्हणू. आता गाडी सोडली, तर ही फट बुजेपर्यंत ती डावीकडे झुकणार. म्हणजे फट मोठी तर कल मोठा, फट लहान तर कल लहान.

एक उदाहरण घेऊ. समजा फट ६ सेंमी आहे आणि टायरांच्या मधल्या रेषेपासून पाया ३० सेंमी बाहेर आहे. कल झाला ३० ला ६, म्हणजे पाचास एक. अंशांत मोजला तर सुमारे ११. डोळ्याला बरी दिसणारी, भरवशाची गाडी अशी उभी असते.

हीच गाडी ४ सेंमी उंच केली. स्टँड चौकटीला जोडलेला आहे. चौकट वर गेली की स्टँडही तिच्याबरोबर वर गेला. फट झाली १० सेंमी. बाहेरचे अंतर तेच, ३० सेंमी. आता कल ३० ला १०, म्हणजे तिनास एक, सुमारे १८ अंश. उंची वाढली ती फक्त दोन बोटांनी, पण कल जवळजवळ पावणेदोनपट झाला. फट मुळात लहान असल्यामुळे तिच्यात थोडीशी भर पडली तरी प्रमाण झपाट्याने बदलते.

गाडी बनवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. हीरोच्या एक्सपल्स २०० या गाडीसाठी कंपनीने जो रॅली किट काढला, त्यात पुढच्या चाकाची हालचाल १९० मिलिमीटरवरून २५० वर आणि मागच्या चाकाची १७० वरून २२० वर नेणारे फोर्क आणि शॉकअप होते. त्या सामानाबरोबर लांब साइड स्टँडही दिला होता. चाकाची हालचाल वाढवायची तर गाडी उंच होणार आणि गाडी उंच झाली तर टेकूही लांब लागणार, हे त्या खोक्यातच मांडून ठेवले होते. आपण सुटे भाग आणून गाडी उंच करतो तेव्हा त्या खोक्यातला नेमका हाच तुकडा आपल्याकडून राहून जातो.

३. वजनाचा हिशेब

कल वाढल्याने गाडी नुसती वाकडी दिसत नाही, स्टँडवरचा भारही वाढतो. किती, ते वर घेतलेल्या गाडीवरच पाहू. तिचे वजन १५५ किलो आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी उंच आहे असे धरू.

मूळ गाडी ११ अंश झुकली की तिचा ओळंबा टायरांच्या रेषेपासून सुमारे ११ सेंमी डावीकडे पडतो. स्टँडचा पाया त्या रेषेपासून साडेतीस सेंमीवर आहे. तराजूच्या नियमाने स्टँडवर येणारा भार म्हणजे १५५ किलोचा तेवढा हिस्सा: सुमारे ५५ किलो.

उंच केलेल्या गाडीत गुरुत्वमध्यही ४ सेंमी वर गेला आणि कल १८ अंश झाला. आता ओळंबा साडेअठरा सेंमीवर पडतो, पाया साडेएकतीसवर. स्टँडवरचा भार झाला सुमारे ९१ किलो. पन्नाशीतून थेट नव्वदीत! टायर गोल असतो हे या हिशेबात धरलेले नाही; त्यामुळे खरे आकडे थोडे कमी येतील, पण वाढीचे प्रमाण असेच राहील.

दुसरा आकडाही पाहा. आधी ओळंबा आणि पाया यांच्यात सुमारे २० सेंमीची मोकळीक होती, आता १३ उरली. डावीकडे उतार असला, स्टँड मातीत रुतला किंवा कुणी गाडीवर बसून रेलले, तर ही मोकळीक खर्ची पडू लागते. त्यात आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, दर मीटरला साधारण दोन-अडीच सेंटीमीटर. डाव्या कडेला लावलेल्या गाडीच्या कलात हा उतारही मिळतो. आंबोलीला माझ्या गाडीचे हेच झाले. कल आधीच जास्त होता, भार जास्त म्हणून पाया रुतला, रुतला म्हणून कल आणखी वाढला आणि शेवटी ओळंबा कडेबाहेर गेला.

४. मग स्टँड खूप लांब करावा का?

नाही. टेकू कमी लांब असला की गाडी डावीकडे पडते, जास्त लांब असला की उजवीकडे. आणि उजवीकडे पडणारी गाडी थांबवायला तिथे काहीच नसते.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गाडीवर सामान लादले की स्प्रिंगा दबतात आणि गाडी खाली बसते. समजा स्टँडच्या जागी ती ३ सेंमी बसली. नीट बेतलेल्या स्टँडची फट ६ होती, ती ३ झाली. कल उरला दहास एक. चालण्यासारखे आहे, पण उजवीकडे दहास एक उतार असलेल्या जागी ही गाडी अगदी सरळ उभी राहील आणि बोटाच्या धक्क्यानेही पडेल. आता हौसेने स्टँड आणखी लांब केला आणि रिकाम्या गाडीची फटच ३ सेंमी ठेवली, तर सामान चढवल्यावर फट शून्य होईल. मग गाडी सपाट जमिनीवरही उभी राहणार नाही.

लांब स्टँडचा आणखी एक धोका म्हणजे तो दुमडल्यावर कुठे जातो. त्याचे टोक मागे सरकते, चेन, स्विंगआर्म किंवा मागच्याच्या फूटरेस्टजवळ येते. खड्ड्यात मागचे चाक वर उचलले गेले की ते टोक कशाला तरी लागू शकते. शिवाय टोकाशी वजन वाढल्याने जुनी स्प्रिंग त्याला घट्ट धरून ठेवीलच असे नाही. चालत्या गाडीत खाली आलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला अडकला, तर काय होते ते सांगायला नको.

म्हणून नियम साधा ठेवावा: कंपनीने दिलेला कल होता तेवढाच परत आणायचा.

५. नेमका किती वाढवायचा?

यासाठी सूत्र लागत नाही. लागतात दोन-चार फळकुटे, एक फूटपट्टी आणि एक सोबती.

गाडी उंच करण्याआधीच मूळ कल मोजून ठेवा. सपाट फरशीवर गाडी स्टँडला लावा आणि मोबाइलमधले कोन मोजण्याचे ॲप मागच्या ब्रेकच्या डिस्कला टेकवून आकडा लिहून घ्या. ते राहिले असेल तर तसल्याच, पण न बदललेल्या गाडीचा कल मोजा.

उंची वाढवल्यावर गाडी त्याच फरशीवर आणा आणि स्टँडच्या पायाखाली एकेक फळकूट सरकवत जा. सोबत्याने उजव्या बाजूने गाडी धरून ठेवावी. मोबाइलवर जुना आकडा आला की थांबा. फळकुटांच्या थराची जाडी मोजा. समजा ती ४ सेंमी आली.

स्टँड मात्र ४ सेंमी वाढवायचा नाही. स्टँड तिरपा आहे आणि तिरपी वाट उभ्या वाटेपेक्षा नेहमी लांब असते. स्टँडच्या रेषेत फूटपट्टी धरा आणि त्याच तिरक्या रेषेत जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. ते साडेचार सेंमीच्या आसपास भरेल. तेवढाच तुकडा जोडायचा. त्याच रेषेत वाढवल्याने पाया जमिनीला पूर्वीसारखाच सपाट टेकतो.

गाडीचा फक्त मागचा भाग उंच केला असेल तर? पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या तर पायथा विटेइतका उचलला जातो, उशीकडचा भाग होता तिथेच राहतो आणि मधला भाग निम्मा वर येतो. गाडीचेही तसेच. दोन चाकांमधले अंतर १३५ सेंमी आणि स्टँड पुढच्या चाकाच्या मध्यापासून ८० सेंमीवर असेल, तर मागे ४ सेंमी उचलल्यावर स्टँडपाशी वाढ होते सुमारे २.४ सेंमी. फळकुटांची पद्धत हा फरक आपोआप धरते, म्हणून ती मला सर्वांत भरवशाची वाटते.

६. कापायचे कुठे, जोडायचे कसे?

भिंतीतल्या खुंटीला जड पिशवी अडकवली तर खुंटी टोकाशी मोडत नाही, भिंतीपाशी मोडते. वाकवणारा जोर तिथे सर्वांत जास्त असतो. स्टँडची भिंत म्हणजे वरचा बोल्ट. बोल्टपाशी ताण सर्वांत जास्त आणि पायाकडे उतरावे तसतसा कमी. म्हणून जोड नेहमी खालच्या भागात, पायाच्या थोडा वर घ्यावा. वरचा भाग मुळीच छेडू नये. स्प्रिंगचा आकडा तिथे असतो आणि आजकालच्या अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारा स्विचही तिथेच असतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत हे काम तासाभरात करून देणारे कसबी हात पुष्कळ आहेत. आपल्या गावातल्या लेथवाल्यालाही ते जमते. फक्त काय हवे ते आपल्याला नेमके सांगता आले पाहिजे.

स्टँड आधी गाडीवरून काढून न्या. गाडीवरच वेल्डिंग केले तर त्याचा करंट चौकटीतून फिरतो आणि गाडीचे इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात. कापण्याआधी स्टँडवर खडूने उभी सरळ रेघ मारा, म्हणजे दोन तुकडे जोडताना पाया फिरणार नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा रंग आणि क्रोम घासून काढा. त्यांचा धूर छातीत जाणे वाईट आणि त्यांच्यावर जोडही नीट धरत नाही.

स्टँड पाइपचा असेल तर आत घट्ट बसणारी भरीव सळई घ्या, जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-चार सेंमी आत जाईल एवढी. मोडलेल्या हाडात डॉक्टर सळई घालतात तसेच हे. बाहेरचा तुकडा पाइपच्या जाडीचाच हवा. कडा तिरप्या घासून मधे खाच ठेवायला सांगा, म्हणजे वेल्डिंग वरवर न बसता तळापर्यंत उतरते. स्टँड भरीव असेल तर तेवढ्याच जाडीचा भरीव तुकडा लावावा.

आधी फक्त टाके मारून घ्या, स्टँड गाडीला लावून कल तपासा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करा. काम झाल्यावर तापलेला स्टँड पाण्यात बुडवायचा नाही. एकदम थंड झालेला जोड ठिसूळ होऊ शकतो. हवेवर निवू द्या, मग रंग द्या. स्टँड ॲल्युमिनियमचा असेल तर ते काम या वाटेला लावू नये. त्या गाडीसाठी तयार मिळणारा लांब स्टँडच घ्यावा.

७. पाया रुंद करा

पावसाळ्यात शेताच्या बांधावर छत्रीचे टोक टेकवले की ते रुतते. त्याच जागी चप्पल रुतत नाही. वजन किती आहे यापेक्षा ते किती जागेवर पसरले आहे, हे महत्त्वाचे.

आपल्या उदाहरणात कल जुन्या जागी आणल्यावर स्टँडवरचा भार पुन्हा ५५ किलोच्या आसपास येतो. उंची वाढल्यामुळे अगदी थोडा जास्त. मूळ पायाचे क्षेत्रफळ १२ चौरस सेंमी असेल तर दर चौरस सेंटीमीटरवर साडेचार किलोहून अधिक दाब पडतो. त्याखाली ७ सेंमी लांब, ८ सेंमी रुंद लोखंडी पट्टी जोडली तर ५६ चौरस सेंमी जागा मिळते आणि दाब दर चौरस सेंमीला एक किलोवर उतरतो. जांभ्याच्या ओल्या मातीत, समुद्रकाठच्या वाळूत आणि मे महिन्यात मऊ पडलेल्या डांबरावर हा फरक गाडी वाचवतो.

दोन पथ्ये पाळा. पट्टीची जाडी एकूण लांबीत धरा. ५ मिलिमीटरची पट्टी लावणार असाल तर वरचा तुकडा तेवढा कमी करा. आणि पट्टीच्या कडा गोल घासा, नाहीतर स्टँड उघडताना बुटात किंवा पायात घुसतील.

८. भरवसा ठेवण्याआधी

काम झाले की गाडी लगेच प्रवासाला नेऊ नका. अर्धा तास देऊन एवढे पाहा.

सपाट जागी गाडी उभी करून डावीकडून हलका धक्का द्या. ती उजवीकडे जाऊ पाहते का? प्रवासाला नेणार तेवढे सामान लादून तोच धक्का पुन्हा द्या. स्टँड दुमडून एखाद्याला मागे बसवून गाडी दाबून पाहा. टोक कुठे लागत नाही ना? खडबडीत रस्त्यावर किलोमीटरभर जाऊन या. वाटेत स्टँडचा खडखडाट आला तर जास्त ताणाची स्प्रिंग लावा. इंजिन बंद करणारा स्विच चालतो का ते तपासा. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर जोडापाशी नख फिरवून भेग जाणवते का ते पाहा.

उभी करण्याची सवयही बदलावी लागते. साइड स्टँड पुढे सरकून टेकतो आणि मागे दुमडतो. त्यामुळे गाडी पुढे घरंगळली की तो दुमडू लागतो. मागे घरंगळली तर जागीच अडतो. म्हणून उतारावर गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे आणि पहिला गिअर टाकून ठेवावा.

ज्यांच्या गाडीला डबल स्टँड आहे त्यांनी तोही तपासावा. गाडी उंच झाल्यावर तो मागचे चाक उचलू शकेलच असे नाही. आणि पाय पुरत नाहीत म्हणून गाडी ठेंगणी करून घेणाऱ्यांनी हे प्रकरण उलट्या बाजूने वाचावे. त्यांची फट कमी होते, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, म्हणून स्टँड तेवढा आखूड करावा लागतो. मोजायची पद्धत तीच, फक्त फळकुटे टायरांखाली जातात.

एक कागदोपत्री गोष्टही सांगतो. गाडीच्या मूळ स्वरूपात बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ बंधने घालते. उंची वाढवण्याआधीच आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे.

९. शेवटी एवढेच

गाडी उंच करताना आपण ती चालताना कशी असेल याचाच विचार करतो. पण कोणतीही गाडी दिवसाचा बराच वेळ उभी असते. शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यापुढे, अंगणात, जिथे मुले तिच्याभोवती खेळतात. त्या वेळी तिला फक्त साडेचार सेंमीच्या एका जोडाने आणि तळहाताएवढ्या लोखंडी पट्टीने धरलेले असते. तो जोड आपण मोजूनमापून करून घेतला असेल, तर गाडी लावून चहाला जाताना मागे वळून पाहावे लागत नाही.